लॅमिंग्टन रोडवर पाच वायरी

ऑर्डर केलं की दुसऱ्या दिवशी दारात, अशी सवय लागलेल्या आपल्या पिढीने एकदा तरी लॅमिंग्टन रोडला जाऊन यावं. वस्तू तिथेही मिळते. पण त्याआधी तुम्हाला एक प्रश्न विचारला जातो : करायचंय काय?

“मेल दूँ या फिमेल?”

काउंटरपलीकडच्या शेठनी चष्म्यावरून बघत विचारलं आणि मी एकदम ब्लँक. मास कॉमला असताना कुणाला कसं बोलतं करायचं हे अगदी साग्रसंगीत शिकवलं होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र सिलॅबसमध्ये नव्हतं.

“नौ पिनवाला कनेक्टर,” मी पुन्हा तेच म्हणाले. आत्मविश्वासाने. म्हणजे तसा आव आणून.

“वो तो समझा, मॅडम. पिन किधर है? मशीन में या वायर में?”

शेवटी सॅकमधून टॉवेलात गुंडाळलेला डबा काढला आणि काउंटरवर ठेवला. पांढरा-लाल, आता पिवळट पडलेला प्लॅस्टिकचा व्हिडिओ गेम. आजूबाजूचे दोघं-तिघं गिऱ्हाईक वळून बघायला लागले. एक म्हणाला, “अरे, काँट्रा!” शेठनी डबा फिरवला, पुढच्या बाजूचं सॉकेट बघितलं. आत नऊ बारीक पिना, पाच वर, चार खाली. “मशीन मेल है. तो आपको फिमेल चाहिये.” मागे न बघता हात मागे नेऊन त्यांनी शेकडो छोट्या ड्रॉवरपैकी नेमका एक उघडला, कनेक्टर काढून समोर टाकला. आणि मग तो प्रश्न आला.

“पर करना क्या है इसका?”

खरं तर हाच प्रश्न मी आठवडाभर स्वतःला विचारत होते.

माळ्यावरचा डबा

आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेरीपर्यंत घर रिकामं करायचं होतं. आई भांड्यांच्या मागे, मी माळ्यावर. तिथे चकलीचा सोऱ्या, बाबांची हेल्मेट, तीन मोडकी टेबलफॅन यांच्या मागे हा डबा सापडला. १९९८च्या दिवाळीच्या बोनसमधून बाबांनी दादासाठी आणलेला. दादा तेव्हा तिसरीत, मी पाळण्यात. माझ्या हाताला कंट्रोलर नीट धरता यायला लागला तोपर्यंत २००३ उजाडलं होतं.

तुमच्याही घरी असणार असा एक. नाहीतर मावशीकडे, नाहीतर समोरच्या बिल्डिंगमधल्या त्या लकी मुलाकडे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३मध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचा गेम काढला, त्याच्या या नकला. आपल्याकडे त्याला फॅमिकॉम कुणी म्हटलंच नाही. तो ‘टीव्ही गेम’. त्यात घालायची ती ‘कॅसेट’. कॅसेटवर छापलेलं असायचं ‘९९९९ इन वन’ आणि आत फिरून फिरून तीच मारिओ, सर्कस, रणगाडे आणि बदकं. चालली नाही तर कॅसेट काढायची आणि आत फूऽऽ करून फुंकर मारायची. (फुंकरीने काही होत नव्हतं, बरं का. काढून परत घातल्यामुळे संपर्क नीट बसायचा. पण हे कळायला तिशी जवळ यावी लागली.)

आमच्या घरात या खेळाचा एक अलिखित नियम होता. पहिला नंबर दादाचा. दुसरा माझा. आणि दुसऱ्या कंट्रोलरवर ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ ही बटणंच नव्हती. मूळ जपानी फॅमिकॉममध्येही तसंच होतं. दुसऱ्या कंट्रोलरवर त्या जागी चक्क एक छोटा माइक बसवलेला होता. आमच्या नकलेत माइकही नव्हता, नुसती कोरी जागा. म्हणजे खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, हे दादा ठरवणार. मला शू लागली तरी परवानगी दादाची!

तर मी त्या डब्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. दादा बंगळुरूला असतो. तीन तासांनी उत्तर आलं : “भंगारात दे.”

दोन मिनिटांनी दुसरं : “कॅसेट आहेत का?”

या दुसऱ्या मेसेजवर मी जरा अडकले. कारण गेले आठ महिने आमच्यात ‘आईचं बीपी किती’ आणि ‘पीडीएफ पाठव’ यापलीकडे संवाद नव्हता. बाबा गेल्यावर घराचे सगळे व्यवहार त्याने हातात घेतले. सोसायटीच्या मीटिंगा, बिल्डरशी बोलणी, सगळं त्याने फोनवर ठरवलं आणि मला म्हणाला, “तू फक्त सही कर, बाकी मी बघतो.” मी सही केली. आणि मग बोलणंच बंद केलं. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

सामान हलवायला तो शनिवारी येणार होता. म्हटलं, तोपर्यंत हा डबा चालू करायचाच.

प्रॉब्लेम एकच. पहिल्या कंट्रोलरची वायर उंदरांनी खाल्ली होती आणि आतली पट्टी मधोमध तडकली होती. माझा तो दुसरा मात्र ठणठणीत. (कुणी वापरायलाच दिला नव्हता, टिकणार नाही तर काय!) आणि घरात तिसरा एक होता : माझ्या टेबलावरचा शो-पीस. टोकियोत नोकरी करणाऱ्या कॉलेजमधल्या मैत्रिणीने अकिहाबारातल्या जुन्या गेमच्या दुकानातून आणलेला ‘सुपर फॅमिकॉम’चा कंट्रोलर. रंगीत बटणांचा, एकदम क्यूट. पण त्याचा प्लग वेगळा. लांबट, एका टोकाला गोल, सात भोकांचा. आमच्या डब्याच्या नऊ पिनांशी त्याचं दुरूनही नातं नाही.

असं मला वाटत होतं.

ग्रँट रोड, ईस्ट

फ्रीलान्सर असण्याचा एकमेव फायदा म्हणजे गुरुवारी दुपारी दोन वाजता ग्रँट रोडला उतरता येतं. पूर्वेला बाहेर पडायचं, गर्दीच्या ओघात चालत राहायचं. पाच-दहा मिनिटांत टेबल-खुर्च्या, कपडे, फळं मागे पडतात आणि दुकानांच्या दारात वायरींची भेंडोळी लटकायला लागतात. समजायचं, आलो.

पाट्यांवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला हे सांगाल तर तो तुमच्याकडे बघत राहील. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव या रस्त्याला असं चिकटलंय की निघता निघत नाही. आधीच्या पिढीसाठी हा रस्ता सिनेमाचा. १९७५ साली लागलेला ‘शोले’ इथल्याच मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षांहून जास्त चालला. मिनर्व्हा आता नाही. आमच्या पिढीसाठी हा रस्ता कॉम्प्युटरचा. स्वस्तात ‘असेम्बल’ केलेला पहिला पीसी, पहिला वेबकॅम, पहिला पेन ड्राइव्ह कित्येकांनी इथूनच लोकलमध्ये मांडीवर घेऊन घरी नेलाय.

आज दर्शनी दुकानांत सीसीटीव्ही, एलईडीच्या पट्ट्या, लॅपटॉपचे चार्जर, राउटर. चकाचक. पण खरी मजा आतल्या गल्ल्यांत आणि जुन्या इमारतींच्या अंधाऱ्या जिन्यांपाशी. तिथे वस्तू नाही, वस्तूच्या आतलं मिळतं. एक रुपयाच्या नाण्याएवढी मोटर. मीटरवर मोजून दिलेली वायर. रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, बझर, फ्यूज, हजार प्रकारचे स्क्रू. काउंटरवर इंजिनिअरिंगची मुलं वहीच्या कागदावर लिस्ट घेऊन रांगेत. पाठीवर सॅक बघून मलाही दोन ठिकाणी विचारलं, “प्रोजेक्ट है क्या?” म्हटलं, हो. तसं प्रोजेक्टच म्हणायचं.

इथे एक गोष्ट लक्षात येते. मॉलमधल्या सेल्समनला तुम्ही काय घेणार यात इंटरेस्ट असतो. इथल्या माणसाला तुम्ही त्याचं काय करणार यात. नुसतं ‘हे द्या’ म्हणालात तर मिळेल, पण बहुतेक वेळा चुकीचं मिळेल. ‘असं असं करायचंय’ म्हणालात की दुकान थांबतं. बाजूचं गिऱ्हाईकही मत देतं. माझ्या नऊ पिनांच्या प्रश्नावर पाच मिनिटांत चार अनोळखी माणसांची बैठक बसली होती.

पिन सेम, मतलब सेम नहीं

“कनेक्टर सेम दिखता है तो सीधा मत घुसाना,” शेठनी बजावलं. “पिन सेम, मतलब सेम नहीं.”

हे वाक्य मी बिलाच्या मागे लिहून घेतलं. कारण या सगळ्या उद्योगाचं सार यात आहे.

हा नऊ पिनांचा कनेक्टर म्हातारा आहे. ‘डी’ आकाराच्या कनेक्टरांचं हे घराणं अमेरिकेच्या कॅनन कंपनीने १९५२ साली काढलं. (कॅमेऱ्याची ती वेगळी.) बाजारात सगळे याला ‘डीबी-नाइन’ म्हणतात, पण त्यातला ‘बी’ हा खरं तर पंचवीस पिनांच्या मोठ्या साइजचा. नऊवाल्याचं शुद्ध नाव ‘डीई-नाइन’. ते उच्चारलंत तर मात्र दुकानात कुणाला कळणार नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या मागे माउस-मोडेमसाठी हाच असायचा आणि कारखान्यातल्या मशिनरीत अजून लागतो. म्हणूनच तो आजही त्या ड्रॉवरमध्ये आहे.

गेमवाल्यांनीही तो भरपूर वापरला. १९७७ च्या अटारीला हाच. १९८८ च्या सेगा मेगा ड्राइव्हला हाच. आमच्या नकली फॅमिकॉमलाही हाच. तिघांचे कंट्रोलर एकमेकांत छान बसतात. आणि इथेच माती होते. कंट्रोलरला लागणारे पाच व्होल्ट अटारीत सातव्या पिनेवर, मेगा ड्राइव्हमध्ये पाचव्या, आमच्या डब्यात सहाव्या. दिसायला सख्खी भावंडं, पण एकाचं बोलणं दुसऱ्याला शॉक. चुकून भलतीकडे पाच व्होल्ट गेले तर आतली चिप गेलीच म्हणून समजा.

एक पिन मात्र तिन्हींत सारखी निघाली. आठवी. ग्राउंड. तिचं पुढे सांगते.

आता याच्या उलट गंमत. अटारीची जॉयस्टिक म्हणजे साधे स्विच. प्रत्येक दिशेला एक वायर. फॅमिकॉमवाले हुशार. आठ बटणं, पण बोलायला वायरी तीनच. कशा? लहानपणी ‘स्टॅच्यू’ खेळलायत ना? अगदी तसंच. पहिल्या वायरीवरून गेम ओरडतो, ‘स्टॅच्यू!’ त्याक्षणी कंट्रोलरमधली ‘४०२१’ नावाची चिप आठही बटणांची स्थिती धरून ठेवते. दुसऱ्या वायरीवरून गेम म्हणत जातो, ‘नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट.’ आणि तिसरीवरून चिप एकेका बटणाची हजेरी देते : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. हे सगळं सेकंदाला पन्नास-साठ वेळा. यांना म्हणतात लॅच, क्लॉक आणि डेटा. त्यात पाच व्होल्ट आणि ग्राउंड मिळवा. झाल्या पाच वायरी.

आणि १९९०मध्ये निन्टेन्डोने सुपर फॅमिकॉम काढला तेव्हा प्लग बदलला, बटणं वाढवून बारा केली, पण बोलण्याची पद्धत? तीच. ‘स्टॅच्यू’, ‘नेक्स्ट’, ‘हजर’. फक्त हजेरीचा कागद लांबला. आमचा डबा पहिली आठ नावं ऐकणार आणि वही मिटणार. म्हणजे माझ्या शो-पीसला आणि उंदरांनी कुरतडलेल्या त्या कुटुंबाला जोडायला ना कॉम्प्युटर लागतो, ना कोणती नवी चिप. पाच वायरी योग्य जागी गेल्या की बास.

थोडक्यात काय, तर सारखे दिसणारे तिघं एकमेकांना मारक आणि मुळीच न दिसणारे दोघं एकच भाषा बोलणारे. हे मला आठवडाभर आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

पहिल्या मजल्यावरचे काका

टाके मारून देणारा माणूस शेठनीच सांगितला. बाजूच्या इमारतीत लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर, एका टेबलाएवढी जागा. वर ट्यूबलाइट, खाली उघडे पडलेले डीव्हीआर, कीबोर्ड, एक वजनकाटा. रोझिनच्या धुराचा तो खास वास. काकांनी डबा बघितला, माझा कंट्रोलर बघितला, मग मला बघितलं.

“ताई, याच्यापेक्षा नवीन घेऊन टाका की. असलेच मिळतात अजून.”

“नवीन नकोय.”

“बरं. मग याची वायर कापून ही लावून देऊ?” त्यांनी जपानी कंट्रोलरकडे बोट दाखवलं.

“नको, तो गिफ्ट आहे. काहीच कापायचं नाहीये.”

“म्हणजे अ‍ॅडॅप्टर पाहिजे,” काका म्हणाले. “असं सांगा ना. हा राहील असा, तो राहील तसा.”

कापायला एक होतं. सुपर फॅमिकॉमची एक्स्टेन्शन वायर मी आधीच मागवून ठेवली होती. काकांनी ती कच्कन मधोमध कापली. एका अर्ध्याला सातवाला सॉकेट, तो आपला. उघड्या टोकाला आता फिमेल नऊ पिन लावायचा. सोपं! मी रंग बघून म्हटलं, “लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी ग्राउंड.”

“रंगावर जाऊ नका,” काका म्हणाले. “बनवणाऱ्याकडे त्या दिवशी जो रंग होता तो लावतात.”

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. त्यांनी माझा जुना, दुसऱ्या नंबरचा कंट्रोलर उघडला. आत हिरवी पट्टी, झिजलेली रबरी बटणं आणि सोळा पायांची ती ‘४०२१’. “बरं झालं, जुना आहे. नव्यात चिपच्या जागी नुसता काळा ठिपका असतो, काही कळत नाही.” त्यांनी चिपचा छापील तक्ता मोबाइलवर उघडला. मीटर बीपवर लावला. एक टोक चिपच्या पायावर, दुसरं नऊ पिनांवर एकेक करत. बीप! सोळावा पाय, पाच व्होल्ट : पिन सहा. आठवा पाय, ग्राउंड : पिन आठ. नववा, लॅच : तीन. दहावा, क्लॉक : चार. तिसरा, डेटा : दोन. मी शेठच्या बिलामागे लिहीत होते. मग तेच एक्स्टेन्शनच्या सात भोकांवर. सपाट टोकापासून पहिलं पाच व्होल्ट, मग क्लॉक, लॅच, डेटा. दोन रिकामी. गोल टोकाचं शेवटचं ग्राउंड. आणि लाल वायर? ती निघाली डेटा. माझं ऐकलं असतं तर पाच व्होल्ट हजेरीच्या वायरीत गेले असते.

चार टाके काकांनी मारले. प्रत्येकाआधी वायरीत श्रिंक स्लीव्हचा तुकडा ओवायचा, विसरलात तर टाका परत काढायचा. पाचवा म्हणाले, तुम्ही मारा. मी धीटपणे मारला. छान गोळा बसला. एकदम चकाचक.

काकांच्या छोट्या टीव्हीवर पिवळी वायर लावून गेम चालू केला. माझा मारिओ न सांगता उड्या मारायला लागला. मग उलटा पळाला. मग थांबला. मी हात उचलून दाखवले, मी काही दाबत नाहीये!

काकांनी अ‍ॅडॅप्टर हातात घेऊन फक्त एका वायरीला बोट लावलं. ती निघूनच आली. माझा टाका. वरून चकचकीत, आतून धरलेलाच नाही.

“ड्राय सोल्डर. ग्राउंडची वायर होती.” त्यांनी नाक न मुरडता परत टाका मारला, यावेळी आधी पिन तापवून, मग शिसं. “बाकी चारही वायरी बरोबर असून उपयोग नाही, ताई. दोघांचं ग्राउंड एक झालं पाहिजे. ते नसलं की हा काय म्हणतो ते त्याला कळत नाही. तो आपल्या मनाने काहीतरी समजून घेतो.”

मारिओ गुमान उभा राहिला. मी उजवी बाजू दाबली. चालला.

शेठचं बिल आणि काकांची मजुरी मिळून मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नपेक्षा कमी झालं. शिवाय एक कटिंग काकांकडून.

पहिला नंबर

शनिवारी रात्री. घर अर्धं खोक्यांत. भिंतीवर फ्रेमच्या जागी फिकट चौकोन. टीव्ही तेवढा शेवटी बांधायचा होता. (नव्या टीव्हीला पिवळी वायर लागते का हे आधी बघा, सगळ्यांना सोय नसते. आणि बदकं मारायची बंदूक बाहेर काढूच नका. ती जुन्या काचेच्या टीव्हीचा लखलखाट ओळखायची, चपट्या स्क्रीनवर ती आंधळी.)

दादा जेवून आला, डबा जोडलेला बघितला आणि काही न बोलता फरशीवर बसला. अ‍ॅडॅप्टर उचलून उलटासुलटा केला. “कुणी केलं?”

“मी. म्हणजे एक टाका. तोही चुकला.”

सवयीने त्याने पहिला कंट्रोलर घेतला. मी सवयीने दुसरा. काँट्रा लावला. पडदा आला आणि त्याचे अंगठे आपोआप सुटले : वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. तीस जिवांचा तो मंत्र. वीस वर्षांनी हातांना पाठ! पण खेळ सुरू झाला तर जीव आपले नेहमीचेच. त्याने परत केलं. परत तेच.

“वायरिंग चुकलंय तुझं.”

“वायरिंग बरोबर आहे. नावं वेगळी आहेत. या कंट्रोलरच्या हजेरीत पहिलं नाव बी आणि दुसरं वाय. आपला डबा पहिल्याला ए समजतो, दुसऱ्याला बी. तू जे ए म्हणून दाबतोयस ते तो ऐकतच नाहीये.”

त्याने बटणांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग कंट्रोलर पुढे केला. “तूच मार. पहिला नंबर तू घे.”

शेवटी वाय आणि बी दाबलं. तीस जीव आले. माझा निळ्या विजारीचा, त्याचा लाल. पहिल्या लेव्हलच्या पुलापर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही, फक्त ‘वर!’, ‘मागे!’, ‘अरे उडी मार ना!’ पूल फुटला आणि माझा अंगठा स्टार्टवर गेला. सगळं जागच्या जागी थांबलं. गोळ्यासुद्धा हवेत.

“काय झालं?”

“घराचं ठरवताना मला विचारायला पाहिजे होतंस,” मी टीव्हीकडे बघत म्हणाले. “मी नाही म्हटलं नसतं. पण विचारायला पाहिजे होतंस.”

स्वयंपाकघरात आईने भांडं ठेवल्याचा आवाज आला. दादा बराच वेळ त्या थांबलेल्या गोळ्यांकडे बघत राहिला.

“हो,” तो म्हणाला. “पाहिजे होतं. मला वाटलं, तुला त्या कटकटीत नको.” मग जरा वेळाने, “तू काहीच बोलली नाहीस, म्हणजे तुला चालतंय असं धरून चाललो.”

मला पहिल्या मजल्यावरचे काका आठवले. पण ते मी त्याला सांगितलं नाही.

“दाब आता,” तो म्हणाला. “तो मागचा मला मारणार आहे.”

मी दाबलं. त्याला मारलंच.

सकाळी उठले तेव्हा टेम्पो खाली आला होता आणि दादाने डबा, कॅसेटी, दोन्ही कंट्रोलर, अ‍ॅडॅप्टर सगळं एका खोक्यात नीट भरलं होतं. वर जाड मार्करने लिहिलं होतं : ‘गेम. नाजूक. भंगार नाही.’

जाताय? मग एवढं लक्षात ठेवा

कसं जाल : पश्चिम रेल्वेवर ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर. तिथून चालत. गाडी नेऊ नका, पार्किंगच्या शोधात अर्धा दिवस जाईल.

कधी जाल : रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारी गर्दी. हाफ डे टाकून मधल्या वारी दुपारी जाणं उत्तम.

काय न्याल : डबा, जुना कंट्रोलर, तुटकी वायर, जे असेल ते सोबत. फोटोवर काम होत नाही.

काय घ्याल : नऊ पिन फिमेल कनेक्टर, त्याचं कव्हर म्हणजे हूड, श्रिंक स्लीव्ह, सोल्डर वायर आणि एक साधा मीटर. मीटर घरी ठेवाच, आयुष्यभर कामाला येतो.

काय करू नका : सॉकेटमध्ये बसतंय म्हणून दुसऱ्याच गेमचा कंट्रोलर लावू नका. वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. आमच्या डब्याचे पिनांचे नंबर तुमच्या डब्याला लागू होतीलच असं नाही, नकलेगणिक फरक असतो, तेव्हा मोजून घ्या. जुन्या गेमला कुठलाही चार्जर लावण्याआधी त्याचे व्होल्ट आणि पिनचं प्लस-मायनस तपासा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : ‘मला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य दुकानात शिरताच म्हणून टाका. पुढचं सगळं ते सांगतात.